घरच्या घरी इंजिनाचे तेल बदलताना होणाऱ्या चुका

मोटारसायकल किंवा स्कूटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या घरांकडे दृष्टी टाकिली, तर कोणाचे वडील तिच्यावरून दुधाचे कॅन गावोगाव पोहोचवितात, कोणाच्या मातोश्री तिच्यावरून रोज दवाखान्यात कामास जातात, तर कोणाचे थोरले बंधू तिच्याच आधारावर भाजीपाल्याचा व्यापार करितात, असे दिसून येईल. अशा वाहनाच्या इंजिनातील तेल ठराविक काळाने बदलावे लागते, आणि हे काम गॅरेजात न नेता घरीच करावे असे पुष्कळांच्या मनात येते. ही इच्छा स्तुत्य आहे. आपल्या वस्तूची निगा आपण राखावी, हात काळे होण्याची लाज बाळगू नये, आणि चार पैसेही वाचवावे, यात गैर काहीच नाही. शिवाय हे काम मोठेसे कठीणही नाही. जुने तेल सोडावयाचे, नवे भरावयाचे, एवढाच काय तो त्याचा सारांश.

परंतु काम सोपे असणे आणि ते निर्दोष होणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. तव्यावरील पोळी करपली की तिचा वास घरभर सुटतो. सदऱ्याचे बटण खालीवर लागले की आरसा ते सांगतो. तेल बदलताना झालेली चूक मात्र बहुधा काही बोलत नाही. इंजिन नेहमीप्रमाणे सुरू होते, वाहन नेहमीप्रमाणे चालते, आणि चुकीचे फळ आठ दिवसांनी, कधी सहा महिन्यांनी पदरात पडते. तोपर्यंत चूक कोणती व ती कोठे झाली याचा मागमूसही उरत नाही. म्हणून या कामात हातांच्या कसबापेक्षा कारणांचे ज्ञान अधिक महत्त्वाचे आहे. प्रत्येक कृती का करावयाची हे ज्यास ठाऊक आहे, तो ती सहसा वगळणार नाही.

प्रथम तेल इंजिनात कोणते काम करिते ते पाहू. इंजिन मिनिटास ५,००० फेरे घेत असेल, तर त्यातील दट्ट्या एका सेकंदात ८३ वेळा खाली व ८३ वेळा वर जातो. या वेगाने धातूवर धातू घासला, तर थोड्याच वेळात दोन्ही तापून एकमेकांस चिकटतील. ते तसे चिकटत नाहीत, कारण त्यांच्या मध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. या पापुद्र्यात किती बळ असते याचा शोध मोठ्या गमतीने लागला. १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर नावाचे एक इंजिनियर आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडिले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले. भोकात बूच बसविले, ते वर सरकून निघाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. तेव्हा असे ध्यानी आले की, फिरणारा आस स्वतःच तेलास आपल्याबरोबर ओढून अरुंद फटीत दाबतो, आणि त्या दाबाने सारा भार तेलावर तोलला जातो. पुढे १८८६ साली मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी याची गणिती उपपत्ती मांडली. आपल्या इंजिनातील क्रँकही असाच तेलावर तरंगत फिरत असतो. त्या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पुष्कळ कमी असते.

यावाचून तेलाची आणखी कामे आहेत. ते इंजिनाची उष्णता वाहून नेते. काजळी व धातूचा कीस आपल्यात सामावून घेते. दट्ट्याच्या कड्यांभोवतीची फट भरून काढिते. आणि आतील भागांस गंज चढू देत नाही. ही कामे करिता करिता ते मळते व त्याचा कस उतरतो. म्हणून ते बदलावयाचे. आता चुकांकडे वळू.

पहिली चूक हात लावण्यापूर्वीच होते, व ती म्हणजे वाहनाबरोबर मिळालेली पुस्तिका न वाचणे. कित्येक घरांत ती पुस्तिका विम्याच्या कागदांबरोबर पेटीत निजलेली असते, आणि तेल मात्र दुकानदार किंवा शेजारी सांगेल ते आणिले जाते. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत येथे जुनी सवयही आड येते. १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक ही स्कूटर ज्यांनी वर्षानुवर्षे वापरली, त्यांस पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याची सवय होती. ती टू-स्ट्रोक इंजिने होती. त्यांतील तेल पेट्रोलबरोबर जळून जाई. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत तेल निराळे साठविलेले असते व तेच पुनःपुन्हा फिरते. म्हणून एका प्रकारच्या इंजिनाचा अनुभव दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही.

तेलाच्या डब्यावरील अक्षरे व आकडे पाहून पुष्कळ लोक गोंधळतात. परंतु त्यांचा अर्थ सोपा आहे. १०डब्ल्यू-३० यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. त्याच्या मागचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक सहज वाहते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सियसला, तेलाचा दाटपणा किती राहतो ते दाखवितो. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून जितके दाट तेल तितके उत्तम, असा एक समज आहे; तो सर्वस्वी खरा नव्हे. ज्या इंजिनाच्या फटी पातळ तेलासाठी आखलेल्या आहेत, त्यात फार दाट तेल घातले, तर सकाळी इंजिन सुरू होताच ते दूरच्या भागांपर्यंत पोहोचण्यास विलंब लावील, व इंधनही अधिक जळेल.

यापेक्षाही मोठी चूक म्हणजे मोटारीचे तेल मोटारसायकलीत घालणे. घरी मोटारीसाठी आणिलेले तेल शिल्लक असते, आणि तेल ते तेलच, अशा विचाराने ते दुचाकीत ओतिले जाते. परंतु बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व क्लच ही तिन्ही एकाच तेलात बुडालेली असतात. मोटारीच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करण्यासाठी विशेष द्रव्ये घातलेली असतात. इंजिनास ती मानवतात. पण क्लचचे तर सारे कार्य घर्षणावरच चालते. घर्षण गेले की क्लचच्या चकत्या घसरू लागतात. मग इंजिन ओरडते, पण गाडी चढणीवर वेग घेत नाही. यासाठीच मोटारसायकलीच्या तेलावर जासो एम. ए. किंवा एम. ए. २ अशी खूण असते, आणि बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच तेलाबाहेर कोरडा असल्यामुळे तिच्यासाठी एम. बी. ही खूण चालते. ही दोन अक्षरे वाचण्यास क्षणभरही लागत नाही.

तेल विकत घेताना झाकणाचे सील शाबूत आहे हेही पाहावे, व दुकान ओळखीचे असावे. रिकाम्या बाटल्यांत भलतेच तेल भरून विकणारे लोक आहेत. यास्तव आपली रिकामी बाटली टाकण्यापूर्वी तिला खिळ्याने भोके पाडावी. म्हणजे ती दुसऱ्यास फसविण्याच्या कामी येणार नाही.

दुसऱ्या वर्गातील चुका जागेच्या व सुरक्षिततेच्या होत. आणि त्यांत इंजिनाचा नव्हे, तर माणसाच्या प्राणाचा प्रश्न असतो. मोटारीचे तेल बदलण्यासाठी तिच्या खाली शिरावे लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही, कितीही थोडा वेळ असो, शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. जमीन किंचित उतरती असली किंवा जॅकचा पाया सरकला, तर शेकडो किलोंचे वजन क्षणात खाली येते. भक्कम लोखंडी घोड्या दोन्ही बाजूंस लावून, चाकांस अडणी घालून, मगच पुढचे काम करावे. विटा किंवा दगड यांवर विसंबणे म्हणजे जाणूनबुजून मृत्यूस आमंत्रण देणे होय. वीट भाराखाली अकस्मात फुटते.

तसेच बंद खोलीत अथवा दार लावलेल्या पडवीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि माणसास आपण गुदमरत आहोत हे उमगण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते. पावसाळ्यात पाऊस आत येतो म्हणून दार लोटून घेण्याचा मोह होतो, त्या वेळी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

आता प्रत्यक्ष तेल सोडण्याचे काम घेऊ. येथे दोन टोकांच्या दोन चुका होतात. कोणी रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाचा बोल्ट पहाटे काढितात. थंड तेल दाट असते. ते संथपणे गळते, आणि गाळ व कीस तळाशीच राहून जातो. कोणी याच्या उलट, लांबचा प्रवास करून येताच काम आरंभितात. मग उकळत्या पाण्याइतके कढत तेल मनगटावरून ओघळते, व सायलेन्सरचा चटका निराळाच. योग्य मार्ग मधला आहे. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करावे, थोडा वेळ थांबावे, आणि तेल कोमट व प्रवाही असता सोडावे.

वाहन कसे उभे आहे यालाही महत्त्व आहे. बाजूच्या स्टँडवर कललेल्या मोटारसायकलीतून सारे तेल निघत नाही. पुस्तिकेत दुसरे काही सांगितले नसेल, तर सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर ती सरळ उभी करावी. वर तेल भरण्याचे झाकण अगोदर मोकळे करावे. याचे दोन लाभ आहेत. वरून हवा आत गेल्याने तेल सरळ धारेने पडते; आणि वरचे झाकण जाम झालेले असेल, तर जुने तेल सोडण्यापूर्वीच ते कळते. तेल सोडून बसले आणि नवे भरण्याचे झाकणच उघडेना, अशी फजिती मग होत नाही.

भलताच बोल्ट काढणे ही चूकही विरळ नाही. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाचे तेल एका ठिकाणी आणि मागील चाकाजवळच्या दातेरी चक्रांचे तेल दुसऱ्या ठिकाणी असते. दोन्हींचे बोल्ट दिसावयास सारखेच. मागचा बोल्ट काढून थोडेसे तेल सोडणारा आणि पुढे इंजिनात नवे तेल भरणारा मनुष्य एकाच वेळी दोन अपराध करितो. चक्रे तेलावाचून कोरडी पडतात, व इंजिनात तेल दुप्पट होते. म्हणून निघालेल्या तेलाचे माप घ्यावे. पुस्तिकेत ८०० मिलिलिटर लिहिले असता परातीत जेमतेम शंभर-सव्वाशेच दिसत असतील, तर हात तेथेच थांबला पाहिजे.

निघालेले तेल न पाहता फेकून देणे हीही एक चूकच होय. तेल काळे झालेले पाहून घाबरण्याचे कारण नाही. काजळी आपल्यात घेणे हे त्याचे कामच आहे, आणि चांगले तेल काळे होते याचा अर्थ ते काम करीत आहे. परंतु तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. २००५ सालच्या जुलैत मुंबईस आणि २०१९ सालच्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुराकडे आलेल्या महापुरांत हजारो वाहने बुडाली. अशा बुडालेल्या वाहनाचे इंजिन सुरू करून पाहण्याची घाई केली, तर पाणी मिसळलेले तेल सर्वत्र फिरते, आणि दट्ट्यावर पाणी साचले असल्यास आतील दांडाही वाकतो. तेलात चमकणारा धातूचा कीस बराच दिसला, तरीही अनुभवी मिस्त्रीस दाखविणेच शहाणपणाचे.

सर्वांत अधिक नुकसान ज्या चुकीने होते, ती म्हणजे तेल सोडण्याचा बोल्ट बेसुमार आवळणे. बोल्ट पोलादाचा असतो, आणि तो ज्यात बसतो ती इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची. या झगड्यात हार नेहमी ॲल्युमिनियमचीच. पुष्कळ लहान मोटारसायकलींच्या पुस्तिकांत या बोल्टासाठी २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर सांगितलेला असतो. आता आपल्या पदार्थविज्ञानाच्या तासाची आठवण करा. पाना २० सेंटिमीटर लांब असेल, तर २५ न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकास १२५ न्यूटन, म्हणजे सुमारे साडेबारा किलो वजनाइतका दाब पुरे. तोच पाना नळीत घालून त्याची लांबी ६० सेंटिमीटर केली, तर त्याच हातदाबाने तिप्पट जोर पडतो. तरफेचा नियम परीक्षेच्या कागदावर जितका खरा, तितकाच अंगणातही खरा आहे.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका पालकांची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. त्यांचा दुधाचा धंदा. त्यांनी घरीच तेल बदलिले, आणि बोल्ट ढिला राहू नये म्हणून पान्यास नळी लावून तो आवळला. शेवटच्या वेढ्यास बोल्ट एकदम हलका फिरू लागला. आटे गेले होते. त्यांनी आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळून बोल्ट पुन्हा बसविला. तेल गळेना, म्हणून काम झाले असे त्यांस वाटले. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात बोल्ट गळून पडला. लहान मोटारसायकलीस तेलाचा इशारा देणारा दिवा बहुधा नसतो. काही मैलांच्या आतच इंजिन जाम झाले. इंजिन दुरुस्त होऊन येईपर्यंत तीन आठवडे त्यांचा मुलगा पहाटे सायकलीवरून दूध घालीत होता, आणि पहिल्या तासास रोज उशिरा, घामाघूम होऊन वर्गात येत होता. त्या मुलास उशिराचे कारण विचारिले, तेव्हा ही सारी गोष्ट कळली. आटे गेले त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली असती, तर नवे आटे पाडून किंवा आट्यांची सळी बसवून अल्प खर्चात काम भागले असते.

म्हणून बोल्ट प्रथम नेहमी बोटांनीच फिरवावा. तीन-चार वेढे तो सहज गेला, तरच पाना लावावा. अडला, तर तो तिरका बसत आहे असे समजून बाहेर काढावा. त्याच्याखालचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर नवे घालावे. ते मऊ धातूचे असते, व एकदा दबून तोंड बंद करणे हेच त्याचे काम. जुने वायसर गळू लागले की लोक बोल्ट अधिक आवळितात, आणि आटे जाण्याचा आरंभ पुष्कळ वेळा येथूनच होतो. काही रुपयांच्या वायसराची काटकसर अशी महागात पडते.

ज्या इंजिनास तेलाचा फिल्टर आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. मोटारीचा डब्यासारखा फिल्टर काढिला म्हणजे त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनासच चिकटून राहते. ती न पाहता नवा फिल्टर बसविला, तर एकावर एक दोन रिंगा येतात. इंजिन सुरू झाल्यावर तेलाच्या दाबाने वरची रिंग बाहेर सरकते, आणि सारे तेल काही क्षणांत रस्त्यावर सांडते. जुन्या फिल्टरची रिंग त्याच्याबरोबर आली की नाही, हे बोट फिरवून पाहावे. नव्या रिंगेस थोडे ताजे तेल लावावे, आणि फिल्टर हातानेच घट्ट करावा. दुचाकीचा फिल्टर कागदी असेल, तर त्याची दिशा उलट होऊ देऊ नये. तारेची चाळणी असेल, तर ती धुऊन, वाळवून परत बसवावी.

येथे आपल्याकडील एका प्रघाताचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. जुने तेल सोडल्यावर इंजिन स्वच्छ व्हावे म्हणून त्यात रॉकेल किंवा डिझेल ओतून ते थोडा वेळ चालविण्याची चाल आहे. ही चाल घातक आहे. वर सांगितलेला जो भार पेलणारा पापुद्रा, तो रॉकेलाने धरला जात नाही. म्हणजे तितका वेळ धातू धातूवरच घासतो. शिवाय कोनाकोपऱ्यांत राहिलेले रॉकेल नव्या तेलास पातळ करिते. वेळच्या वेळी तेल बदलणे हीच इंजिनाची खरी धुलाई होय.

नवे तेल भरताना प्रथम खालचा बोल्ट बसविला आहे ना, हे पाहावे. हे वाक्य वाचून हसू येईल; परंतु वरून ओतलेले नवे तेल खालून परातीत पडताना पाहण्याचा प्रसंग कित्येकांवर आलेला आहे. नरसाळे स्वच्छ व कोरडे असावे. धान्याचे किंवा रॉकेलाचे नको. तेलाचे माप पुस्तिकेप्रमाणे घ्यावे. बाटली एक लिटरची म्हणून इंजिनही एक लिटरचेच असते असे नव्हे. बाजारात आठशे, नऊशे मिलिलिटरच्या बाटल्याही मिळतात त्या याचसाठी.

कमी तेलाने इंजिन झिजते हे सर्वांस पटते. जास्त तेलाने काय बिघडते, असे मात्र पुष्कळ विचारितात. तेल पातळीच्या वर गेले की फिरणारा क्रँक ते घुसळू लागतो, आणि ताकावर यावा तसा त्यावर फेस येतो. फेस म्हणजे हवा. हवा भार पेलू शकत नाही. शिवाय आतील दाब वाढून तेल सांध्यांतून झिरपते व हवेच्या फिल्टरपर्यंत जाते. म्हणून तेल थोडे कमी भरून, मोजून, मग उरलेले घालावे. आत गेलेले अधिक तेल काढणे त्रासाचे असते. कमी पडलेले घालणे सोपे असते.

मोजण्याची पट्टी वापरण्यातही फसगत होते. काही वाहनांत ती पूर्ण बसवून मोजावयाची असते. पुष्कळ मोटारसायकलींत मात्र आटे न फिरविता, भोकावर नुसती टेकवून मोजावयाची असते. जेथे टेकवावयाची तेथे फिरवून बसविली, तर पट्टी अधिक खोल बुडते, आणि तेल कमी असूनही भरपूर दिसते. प्रथम पट्टी पुसावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तेल खाली उतरू द्यावे, आणि मग वाहन सरळ उभे असता दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का ते पाहावे. नवा फिल्टर काही तेल शोषून घेतो. म्हणून इंजिन चालविण्यापूर्वीचे माप अखेरचे समजू नये.

यानंतर वाहनाखाली कोरडा कागद पसरून ठेवावा. तासाभराने त्यावर थेंब दिसला नाही, तरच काम पुरे झाले. टायरवर किंवा ब्रेकवर तेल उडाले असल्यास ते साबणाच्या पाण्याने धुऊन काढावे. तेलकट टायर पहिल्याच वळणावर दगा देतो. त्या दिवसाची तारीख व मीटरवरील किलोमीटर वहीत लिहावे. पुस्तिकेत तेलाची मुदत किलोमीटर व महिने अशी दोन्ही प्रकारे दिलेली असते, आणि जी अगोदर संपेल ती धरावयाची. आमची गाडी फार चालतच नाही, असे म्हणून वर्षानुवर्षे तेच तेल ठेवणारे लोक हे विसरतात की, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही, व तेलात शिरलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही.

आता राहिली शेवटची चूक, आणि तिचे फळ दुसऱ्यास भोगावे लागते. परातीतील काळ्या तेलाचे करावयाचे काय? कोणी ते गटारात ओततात, कोणी परसात मुरवितात, कोणी वाळवी लागू नये म्हणून दारे-खांबांस फासतात. एका मोटारीच्या एका वेळच्या जुन्या तेलाने दहा लक्ष गॅलन गोडे पाणी दूषित होऊ शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचे सांगणे आहे. आपल्या गावाच्या विहिरी व ओढे याहून किती लहान आहेत, याचा विचार प्रत्येकाने करावा. कातडीसही हे तेल चांगले नव्हे. मँचेस्टरच्या सूतगिरण्यांत चात्यांच्या खनिज तेलाने ज्यांचे कपडे वर्षानुवर्षे भिजत, त्या कामगारांस त्वचेचा कर्करोग होतो, हे १९२२ साली तेथील डॉक्टरांनी दाखवून दिले. आणि वापरलेले इंजिन तेल तर ताज्याहून अधिक अपायकारक असते. म्हणून हातमोजे घालावे, तेलाचे फडके खिशात कोंबू नये, आणि हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावे.

भारत सरकारच्या २०१६ सालच्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, आणि ते शुद्ध करण्याचे काम परवाना असलेल्या कारखान्यांनीच करावयाचे आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर असे तेल गोळा होऊन पुन्हा उपयोगात येईल हे पाहण्याची जबाबदारी तेल विकणाऱ्या कंपन्यांवरही टाकण्यात आली आहे. घरच्या माणसाने एवढेच करावे: जुने तेल झाकणाच्या डब्यात, पाणी अथवा रॉकेल न मिसळता भरावे, डब्यावर नाव लिहून तो मुलांच्या हातापासून दूर ठेवावा, आणि जे सर्व्हिस सेंटर असे तेल गोळा करून परवानाधारकाकडे धाडिते, तेथे नेऊन द्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती येईपर्यंत गिअरची मोटारसायकल रस्त्यावर नेण्याचा तुम्हांस अधिकार नाही. परंतु तिच्या अंतरंगाचे ज्ञान मिळविण्यास वयाची अट नाही. पुढील खेपेस वडील किंवा थोरले बंधू तेल बदलावयास बसतील, तेव्हा पुस्तिका तुम्ही हातात घ्या. एकेक पायरी मोठ्याने वाचा, ती पुरी झाली की तिच्यासमोर पेन्सिलीने खूण करा. बोल्ट बसला? वायसर नवे आहे? माप बरोबर आहे? झाकण लागले? आणि पालकांस विनंती अशी की, मुलाने असे विचारिले असता, आम्हांस हे सारे येते, असे म्हणून त्यास गप्प बसवू नये. या कामातील चूक स्वतः बोलत नाही. तेव्हा तिच्या वतीने विचारणारा कोणीतरी शेजारी असलेला बरा.